डाळीवरची गाडी

"याहून लहान होईल का कुणाकडून? तेवढंच सांगा, मास्तर."

नीळकंठनं विचारलं आणि हातातली डबी मास्तरांपुढं ठेवून झाकण काढलं.

कुंकवाची डबी. तिच्या तळाला हरभऱ्याच्या डाळीचा एक दाणा, सपाट अंग वर करून चिकटवलेला. त्या सपाट अंगावर गोल रूळ. रुळावर एक डबा आणि एक इंजिन.

इंजिन खसखशीच्या दाण्याएवढं.

खोटं वाटतं ना? वाटू द्या. मी तिथंच उभा होतो, चहाचं भगोणं हातात घेऊन.

मास्तरांनी भिंग डोळ्याला लावलं. श्वास धरला. बराच वेळ पाहिलं.

मग तोंड बाजूला वळवलं आणि म्हणाले, "मोठी आहे."

आता हे कुठं घडलं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधेमधे विचारू नका.

बोरसावंगीला पूर्वी छोटी गाडी यायची. ती बंद झाली, रूळ उपटून नेले, फलाटावर गवत वाढलं. राहिला तो एक दगडी मुसाफिरखाना. गाडीची वाट बघणाऱ्यांसाठी बांधलेला. त्यात मास्तर राहायचे. ते शाळेचे मास्तर की स्टेशनचे मास्तर, हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

ते बारीक गाड्या करायचे. खऱ्यासारख्या पळणाऱ्या. बांगडीच्या आत मावणाऱ्या, बटणावर फिरणाऱ्या. हे शिकायला लांबून पोरं यायची आणि बहुतेक महिनाभरात पळून जायची. मी राहिलो, कारण मला स्वयंपाक येत होता.

नीळकंठ राहिला, कारण त्याच्या बोटांत कसब होतं. माझा त्याच्यावर राग होता तो वेगळा, पण कसब होतं हे मान्य करायला पाहिजे.

मास्तरांचे नियम दोनच.

पहिला, उघड्या कामावर श्वास सोडायचा नाही. बोलायचं तर मान वळवून बोलायचं.

दुसरा, हातातलं काही पडलं तर "पडलं!" म्हणून ओरडायचं, आणि ते ऐकलं की जो जिथं असेल त्यानं तिथंच थांबायचं. खोकला आला तर गिळायचा. सापडेपर्यंत कुणी पाऊल हलवायचं नाही. त्या खोलीत केरसुणी कधी शिरली नाही. केर मी बोटानं टिपायचो, आणि टिपलेला केर मास्तर भिंगाखाली बघायचे, मगच टाकायचा. अशानं कुणाची कंबर राहील?

मास्तर एखाद्या गाडीला "झाली" म्हणाले की शिष्य सुटला. मग त्यानं आपल्या वाटेनं जावं, स्वतःचे शिष्य करावेत. जाताना मास्तर त्याला आपली पापणी द्यायचे. पापणी म्हणजे बांबूची काडी, टोकाला मास्तरांच्याच पापणीचा एक केस डकवलेला. असली बारीक कामं तिनंच उचलायची.

हे सगळं मी ऐकून होतो. "झाली" हा शब्द मास्तरांच्या तोंडून मी मात्र कधी ऐकला नव्हता.

नीळकंठनं पहिली गाडी केली बांगडीत. मास्तर म्हणाले, मोठी आहे. मग केली शर्टाच्या बटणावर. मोठी आहे. मग चिंचोक्यावर. मोठी आहे.

आणि आता ही डाळीवरची.

"मोठी?" नीळकंठचा आवाज चढला. "मास्तर, आता हवेतच रूळ टाकायचे बाकी राहिले."

मास्तर भिंगाची काच पुसायला लागले.

"कुठं मोठी आहे ते तरी दाखवा. रूळ जाड आहेत? चाकं? डबा लांब झालाय?"

"नाही. ते सगळं छान आहे."

"मग? तुम्हीसुद्धा माझ्या बापासारखंच बोलायला लागलात."

मास्तरांनी मान वर केली. "काय म्हणाले वडील?"

"बटणावरची दाखवली होती त्यांना. मोठ्या हौसेनं घेऊन गेलो होतो. भिंग लावून पाहिली, आणि विचारतात काय, एवढी बारीक गाडी, हिच्यात माणूस कुठं बसायचा रे? आता याला काय उत्तर द्यायचं?"

"तू काय दिलंस?"

"काही नाही. भरल्या ताटावरून उठलो आणि इथं आलो. पुन्हा गेलो नाही."

"त्यांनी बोलावलं?"

"आई येते कधीमधी निरोप घेऊन. मी सांगितलंय तिला, मास्तर 'झाली' म्हणतील त्या दिवशी येतो. त्याआधी नाही. तोंड कुठलं दाखवू?"

मास्तरांनी पुन्हा डबीवर भिंग धरलं.

"ही चालते कशी?"

"तळाखाली घड्याळाचं यंत्र आहे. त्याच्यावर लोहचुंबक फिरतं. डब्यात लोखंडाचा कण बसवलाय, तो चुंबकामागं धावतो आणि इंजिनाला ढकलतो."

"आणि इंजिन?"

"ते नुसतं पितळेचं. पुढं चालतं, दिसायला."

"म्हणजे ओढणाऱ्यालाच ढकलावं लागतं."

"दिसतं का ते कुणाला?"

मास्तरांनी भिंग खाली ठेवलं. मान वळवून म्हणाले, "मोठी आहे."

तेव्हा नीळकंठ म्हणाला, "हं!"

एवढंच म्हणाला. पण मान न वळवता म्हणाला. उघड्या डबीवर.

आम्ही तिघांनीही डबीत पाहिलं. डाळ होती, रूळ होते, डबा कलंडला होता.

इंजिन नव्हतं.

श्वास धरून धरून ज्यानं ते घडवलं, त्याच्याच नाकानं ते उडवलं. हसू नका. त्याचं तोंड तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही हसू आलं नसतं.

"पडलं!" नीळकंठ ओरडला.

आणि नेमकी त्याच घटकेला त्याची आई दारात आली.

गयाबाई. मी तिला ओळखत होतो. येताना नेहमी माझ्यासाठीही दोन धपाटी आणायची. फाट्यावर एस.टी.तून उतरून पायी आली होती. चपला तिनं बाहेरच काढलेल्या. एक पाय अंगणातल्या फरशीवर, दुसरा उंबरठा ओलांडायला उचललेला.

"आई, हलू नकोस! आहेस तिथंच थांब!"

ती थांबली. उचललेला पाय तिनं आतही टाकला नाही आणि बाहेरही टेकवला नाही. हातानं चौकट धरली आणि उभी राहिली.

वैशाखातली दुपार. त्या अंगणातल्या फरशीवर पापड वाळायला मला तासही लागायचा नाही.

नीळकंठ पालथा पडला. बॅटरी जमिनीला लावून उजेड आडवा मारला. तसा उजेड मारला की शहाबादी फरशीवर जे काही असेल त्याची सावली पडते. पडली. हजार सावल्या पडल्या. धूळ, वाळू, साखरेचा कण, मुंगीचा पाय. प्रत्येक कणाजवळ तो भिंग न्यायचा, बघायचा आणि पुढं सरकायचा.

पितळेचं होतं, त्यामुळं लोहचुंबक फिरवून उपयोग नव्हता.

मी भगोणं धरून तसाच. हाताला रग लागली. चहा गार झाला, वर साय धरली.

"नीळकंठ," मी हळूच म्हणालो, "माय उन्हात उभी आहे रे."

"बोलू नका, आण्णा! उडेल!"

"अरे, पाय भाजतोय तिचा."

"गप्प बसा हो!"

मी गप्प बसलो. काय करणार? नियम मास्तरांचा, आणि मास्तर समोर बसलेले.

गयाबाईनं उचललेला पाय हळूच खालच्या पायावर ठेवला. मग दोन्ही पायांचं ओझं त्या एका तळव्यावर आलं. तिच्या कपाळावरून घाम वाहून कुंकू खाली उतरलं होतं. एकदा तिनं तोंड उघडलं. पोराकडं पाहिलं. पुन्हा मिटलं.

मास्तर तिच्याकडं बघत होते.

"माई, काय निरोप आणलात?"

"सापडू द्या आधी, म्हाराज," ती म्हणाली. इतकं हळू, की तिचा श्वाससुद्धा खोलीत येऊ नये. "लेकराचं बारीक काहीतरी हरवलंय. मंग सांगते."

सांगतो ना, भगोणं फेकून मारावं असं वाटलं त्याच्या डोक्यात.

"मिळेल, आई," नीळकंठ फरशीला गाल लावून म्हणाला. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. "मिळेल. जरा दम धर."

तिनं मान हलवली. ती त्याला दिसली नाही.

मग मास्तर उठले.

आधी मला वाटलं पाठ अवघडली असेल. पण ते उठले आणि चालायला लागले. चवड्यांवर नाही, रांगत नाही, खाली बघत नाही. माणूस बाजाराला निघतो तसे, टाचा टेकवत, थेट दाराकडं.

"मास्तर!" नीळकंठ किंचाळला. "पाय! मास्तर, पाय!"

मास्तर थांबले नाहीत.

"तुम्हीच... तुमचाच नियम..."

मास्तर दारापाशी पोचले. गयाबाईचा हात धरला. तिला उंबरठ्याच्या आत घेतलं आणि त्याच फरशीवरून, त्याच वाटेनं, चालवत आणून आपल्या बैठकीवर बसवलं. तिला लंगडावं लागत होतं. मग माठाकडं गेले, तेही सरळ चालत, आणि तांब्या भरून तिच्या हातात दिला.

ती प्याली नाही. आधी तिनं पाय उलटा करून तळवा पाहिला. तळवा लाल झाला होता. पण ती त्यासाठी बघत नव्हती.

"माझ्या पायाखाली काय आलं तर न्हाई नं, म्हाराज?"

"आलं असेल."

"अगं बया! पोराचं..."

"पाणी प्या, माई. आणि सांगा."

ती घोटभर प्याली. पदरानं तोंड पुसलं. नीळकंठकडं पाहिलं. तो गुडघ्यांवर बसला होता, बॅटरी हातात तशीच पेटलेली.

"ह्याच्या बापानं सकाळधरनं पाण्याचा थेंब घेतला न्हाई. वैद्य म्हनला, ज्याला बोलवायचं त्याला बोलवा. डोळं उघडत्यात आन् एकच इचारत्यात, गाडी आली का? गाडी आली का? म्हनलं, एस.टी.नं जाऊन निळूला घेऊन येते."

नीळकंठनं आईकडं पाहिलं. मग फरशीकडं पाहिलं. मग पुन्हा आईकडं.

"मास्तर... काय करू?"

"अरे, विचारतोस काय लेका!" मी ओरडलो. नियम गेला चुलीत. "ऊठ! फाट्यावर परतीची गाडी लागली असेल!"

मास्तरांनी मला हातानं थांबवलं. नीळकंठजवळ गेले. त्याच्या हातातली बॅटरी घेतली आणि विझवली.

"नीळकंठ, तू 'पडलं' म्हणालास. आम्ही थांबलो."

"हो."

"तुझी आई थांबली."

"...हो."

"वडिलांच्या उशाशी आलाय, तो थांबेल?"

कोण, ते मास्तरांनी सांगितलं नाही. नीळकंठला कळलं. आईलाही कळलं, कारण तिनं डोळे मिटून हात जोडले.

नीळकंठ उठला. दारापर्यंत गेला तो चवड्यांवर गेला. हो! बाप तिकडं घटका मोजतोय आणि हा एकेक पाऊल पारखून टाकतोय! सवय हो, दुसरं काय. पण उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं तसा तो मागं फिरला, पुन्हा आत आला. या खेपेला धावत. आईपुढं पाठ करून बसला.

"चल आई. बस पाठीवर. तू नाही चालू शकणार."

"आरं, मी जड हाय..."

"बस गं."

तिला पाठीवर घेऊन तो गेला. उघडी डबी तशीच राहिली. मी झाकण लावायला गेलो तर मास्तर म्हणाले, "राहू दे."

नंतर मी ती खोली झाडली नाही. मास्तरांनी झाड म्हटलं नाही आणि झाडू नको असंही म्हटलं नाही. ते खोलीतून येत-जात होते, पाय टेकवत. मी मात्र भिंतीच्या कडेकडेनं चालायचो. मला धीर होत नव्हता.

बापाचं तेरावं आटोपून नीळकंठ परत आला. डोकं भादरलेलं, गाल बसलेले. उंबरठ्याशी उभा राहिला.

"आत येऊ, मास्तर?"

"कुणी अडवलंय?"

तो आला. सगळी पावलं टेकवत आला आणि मास्तरांसमोर फरशीवरच बसला. खाली एकदाही पाहिलं नाही. मी बघत होतो ना.

"पाय बरा आहे माईंचा?" मास्तरांनी विचारलं.

"फोड आला होता. बरा आहे आता."

"भेट झाली?"

"झाली. जीव होता तेव्हा."

"ओळखलं?"

"आई म्हणते ओळखलं. मला नाही वाटत, मास्तर. नजर माझ्या पलीकडं कुठंतरी होती."

"काही बोलले?"

"तेच. गाडी आली का."

"आणि तू?"

बाहेर फलाटावर एक टिटवी ओरडत होती. ती ओरडून थांबली.

"मी म्हटलं, आली, बाबा. तर म्हणाले, जागा हाय का रे? मी म्हटलं, हाय की. खिडकीची जागा हाय. बसा."

"मग?"

"बसले."

मी चुलीकडं तोंड फिरवलं. चूल पेटलेली नव्हती, धुराचं निमित्त नव्हतं. सरळ रडलो.

नीळकंठनं इंजिनाबद्दल विचारलं नाही. उघड्या डबीकडंही पाहिलं नाही. तिच्यावर धूळ बसली होती, डाळीचा एक कोपरा किड्यानं पोखरला होता.

मास्तरांनी उजवी मूठ पुढं केली.

"हात आण तुझा."

नीळकंठनं हात पुढं केला. मास्तरांनी आपली मूठ त्याच्या तळहातावर उघडली आणि हात काढून घेतला.

"बघ."

भिंग तिथंच पडलं होतं. मास्तरांनी दिलं नाही, यानं मागितलं नाही. तळहात डोळ्यांजवळ नेला. डोळ्यांत पाणी होतं, ते त्यानं मनगटानं पुसलं, पुन्हा भरलं, पुन्हा पुसलं. श्वास धरला नाही त्यानं. नाकानं, तोंडानं, हुंदके देत घेत होता, उघड्या हातावरच. मास्तरांनी टोकलं नाही.

लोक मला विचारतात, आण्णा, होतं का हो काही त्या हातावर? मी सांगत नाही. तुम्हीही विचारू नका.

नीळकंठनं बराच वेळ पाहिलं.

"मास्तर... मला काहीच दिसत नाही."

"मग झाली," मास्तर म्हणाले.